कर्तव्य पार पडल्यावर

खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत ३ वर्षं आणि डेहराडूनच्या लष्करी अकादमीत १ वर्ष तावूनसुलाखून निघालेला तरुण लेफ्टनंट दीक्षान्त संचलनाच्या शेवटी ‘अंतिम पग’ ओलांडतो, तेव्हा का लढायचं याचं उत्तर त्याच्यापाशी असतं. गीताही तेच उत्तर देते: कर्तव्य म्हणून. परतल्यावर, आपल्या हातून मेलेल्या माणसाचं मनात काय करायचं, हा प्रश्न वेगळा आहे; आणि कर्तव्य म्हणून केलं एवढ्याने तो मिटतो, असं मला वाटत नाही. महाभारतालाही वाटत नाही. जिंकलेला युधिष्ठिर स्त्रीपर्वात बेवारस मृतांचेही अंत्यसंस्कार करायला लावतो, शांतिपर्वात राज्यच नको म्हणतो. भाऊ आणि द्रौपदी त्याला खडसावतात, पण पुढे व्यास पापक्षालनासाठी अश्वमेध सांगतात. धर्मयुद्धानंतरही क्षालन लागतं, हे इथे सरळ मान्य केलेलं आहे.

असा विचार करणारा अधिकारी ऐन वेळी कचरेल आणि त्याची किंमत जवान मोजतील, हा आक्षेप वजनदार आहे. चढाईच्या क्षणी शोकाला जागा नाहीच. पण १९९९ मध्ये कारगिलच्या उंचीवर, पाकिस्तानने न स्वीकारलेले त्यांच्या सैनिकांचे मृतदेह आपल्या जवानांनी इस्लामी रिवाजाने दफन केले. शत्रूला माणूस मानल्याने त्यांच्या लढण्यात तसूभर उणं आलं नव्हतं. म्हणून घरी येऊन गप्प झालेल्या अधिकाऱ्याला ‘तू तुझं कर्तव्य केलंस’ एवढं सांगून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. युधिष्ठिराच्या शंका शरशय्येवरच्या भीष्माने शांतपणे ऐकल्या, आणि त्याला तर पांडवांनीच पाडलं होतं.