दगडाची जागा

आमच्या परसात विहिरीजवळ एक धुण्याचा दगड होता. काळाभोर, आडवा टाकलेला, एका अंगाने छिन्नीने घडवलेला. दर दिवाळीला मी त्यावर बसून अभ्यंगस्नान केले आहे आणि उटण्याने निसरडा झाल्यावर त्यावरून आपटलोही आहे. असा घडीव दगड परसात कुठून आला, हा प्रश्न मात्र साठी उलटेपर्यंत मला पडला नाही.

तो पडला मोजणीच्या दिवशी. भावाभावांत वाटणी करायची म्हणून आम्ही शेताची मोजणी मागवली होती. मोजणीदार काठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र लावून आले आणि विचारू लागले, "कोपऱ्यावरचा जुना दगड कुठे आहे?" आम्ही एकमेकांची तोंडे पाहू लागलो. शेजारच्या शेताचे तात्या बाभळीखाली बसले होते. वय पंचाऐंशीच्या पुढे. ते शांतपणे म्हणाले, "तो यांच्या परसात आहे. त्यावर धुणी धुतात."

नांगराला आडवा येतो म्हणून माझ्या वडिलांनी तो उपटून आणला होता. हेतू वाईट नसावा. निदान मी मनाशी तसा पुष्कळ युक्तिवाद केला. पण दगड गेला की बांध मोकळा होतो आणि मोकळा बांध नांगराबरोबर वर्षाला बोटभर सरकतो. कोणाच्या अंगाला, ते सांगायला नको.

मुंबई इलाख्यातील ही शेतवार मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने घडी घालून सुरू केली. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणि त्यांचे नावही आणे. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. रुपयाचे आणे १९५७ मध्ये गेले, जुन्या टिपणांतले अजून आहेत. पण टिपण म्हणते, 'इथून इतक्या साखळ्या.' हे 'इथून' म्हणजे कुठून, ते कागदाला दाखवता येत नाही. ते दगड दाखवतो. शिलालेख संग्रहालयात नेला तरी वाचता येतो. हद्दीचा दगड चार पावले हलवला की मुका होतो. परसात आम्ही तो साठ वर्षे जपला, असे म्हटले तर खोटे नाही. पण त्या जपण्याला अर्थ काय?

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेवर वड, पिंपळ, पळस अशी झाडे लावायला सांगितली आहेत. शिवाय जमिनीखाली गुप्त खुणा पुराव्या, दगड, हाडे, कोळसे, राख, खापऱ्या असल्या, ज्या माती लवकर गिळत नाही. बृहस्पतिस्मृती त्याहून पुढे जाते. या खुणा वडीलधाऱ्यांनी मुलांना दाखवाव्या आणि त्या मुलांनी म्हातारपणी आपल्या मुलांना. माझ्या वडिलांनी मला विहिरीचा झरा दाखवला, कलमी आंबा दाखवला. कोपरा दाखवला नाही.

टिपण आणि यंत्र मिळून कोपरा ठरला, तो आमच्या बांधाच्या आत पाच हात. तात्यांचे तेवढे रान आम्ही कसत होतो. मी मान खाली घातली. तेवढ्यात तात्या काठी टेकत पुढे आले. "इथं नव्हता दगड. दोन हात माझ्या अंगाला होता. पोरपणी त्यावर बसून भाकर खाल्लीय मी."

मोजणीदार म्हणाले, "आजोबा, यंत्र बोटभरही चुकत नाही."

"यंत्र चुकलं असं कुठं म्हणतोय मी? दगड तिथं होता, एवढंच म्हणतोय."

खणून पाहिले. तात्यांनी दाखवले तिथेच, मुरुमात कपच्या ठासलेला जुना खळगा निघाला. पाच हात मिळत असताना म्हाताऱ्याने तीनच घेतले. मोजणीदारांनी दोघांचेही जबाब लिहून घेतले.

मग खरी हद्द कोणती? पहिल्या मोजणीच्या वेळी साखळी नीट ताणली गेली नसेल, चूक झाली असेल. अशा चुका मोठमोठ्यांच्या झाल्या आहेत. अमेरिकेत चार राज्ये जिथे एकत्र येतात, ती खूण १८७५ मध्ये रोवली गेली. आजच्या हिशेबाने ती योजल्या जागेपासून सुमारे १८०० फूट दूर आहे. तरी कोपरा तोच. न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो यांच्या हद्दीच्या वादात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये जमिनीवर आखलेली आणि दीर्घकाळ मानलेली जुनी रेषाच कायम ठेवली. दांडगाईने रोवलेला दगड केवळ जुना झाला म्हणून खरा होत नाही, हे मला मान्य आहे. पण दोन घरांच्या देखत रोवलेल्या, ज्याला धरून दोघांनी विहिरी खणल्या आणि झाडे लावली, अशा दगडात मोजमापाहून अधिक काही येऊन बसते. त्याला शब्द म्हणावे असे मला वाटते.

राहून राहून मला एकच खटकते. दगड कुठे आहे हे तात्यांना साठ वर्षे ठाऊक होते. आमच्या घरच्या लग्नकार्यांत त्यांनी त्यावर पायही धुतले होते. मी विचारले, "तात्या, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुझ्या बापाला लाज वाटली असती."

हा थोरपणा खराच. पण त्या मौनानेच वडिलांना आपली चूक आयुष्यभर दिसू दिली नाही आणि मला ती वारशात मिळाली. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा सांभाळण्याचा भार जमीनधारकावरच टाकला आहे. म्हणजे तो आमच्यावर होता, तसा थोडा तात्यांवरही. शेजाऱ्याची लाज राखावी की दगड राखावा, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

वसुबारसेला ट्रॉलीतून दगड नेला आणि त्याच खळग्यात उभा केला. तात्यांनी नातवंडांना, त्यांच्या आणि आमच्या, दगडाभोवती उभे करून प्रत्येकाचा हात त्यावर ठेववला. घरी परतताना आमची धाकटी नात काळजीने म्हणाली, "आजोबा, मग आता चतुर्दशीला आंघोळ कशावर बसून करायची?"