शिक्षणातील मागासलेपणाचा दोष कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या डोंगरपट्ट्याच्या खेड्यात जावे आणि तेथील शाळेचा हजेरीपट उघडून पाहावा. जूनमध्ये जी नावे मोठ्या उत्साहाने लिहिलेली असतात, त्यांपैकी कित्येकांपुढे दिवाळीच्या सुमारास गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात व त्या होळीपाडव्यापर्यंत तशाच चालू राहतात. ही नावे कोणत्या वस्तीतील आहेत हे गावातील कोणीही मनुष्य पट न वाचता सांगू शकतो. ती तांड्यावरची असतात, मांगवाड्यातली असतात, गावाबाहेरच्या पालांतली असतात, आणि ज्यांच्या जमिनीला पाणी नाही अशा कुणब्यांच्या घरांतलीही असतात.

असे का होते, म्हणून विचारले तर उत्तर तयार असते: “त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.” हे उत्तर आम्ही गावच्या पारावर ऐकले आहे, शिक्षकांच्या खोलीत ऐकले आहे आणि, सांगावयास संकोच वाटतो, उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळ्यांच्या अंगणातही ऐकले आहे. ज्यांचे आजोबा एके काळी स्वतःच शाळेच्या दाराबाहेर उभे होते, त्यांची नातवंडे आज आत बसून बाहेरच्यांविषयी असे बोलतात. म्हणून ह्या उत्तराची एकदा नीट तपासणी करावी असे आम्हांस वाटते.

प्रथम बुद्धीचा प्रश्न घेऊ. काही जातींस उपजतच बुद्धी कमी असते, असे आज उघडपणे कोणी म्हणत नाही. पण मनातून पुष्कळजण तसे मानतात. त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारचा बार्शी तालुका मात्र इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात होता व त्याच्या तीन बाजूंस निजामी मुलूख होता. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस माणसे तीच, जाती त्याच, ज्वारी तीच, देव तेच व सोयरीकही एकमेकांत. पण अलीकडे मराठीतून वरपर्यंत शिकण्याची सोय होती. पलीकडे वरचे शिक्षण उर्दूतून होते. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. ह्याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे 1921 साली जी राष्ट्रीय शाळा निघाली व जेथे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, तिची आठवण लोक अजून आदराने काढतात, ती तशी शाळा चालविणे किती कठीण होते म्हणूनच. 1951 च्या खानेसुमारीत हैदराबाद संस्थानात शंभरात नऊ-दहा माणसे साक्षर आढळली. मुंबई राज्यात चोवीसच्या आसपास. मुंबई शहराचा आकडा त्यात मिळालेला होता हे खरे. तथापि एवढे अंतर केवळ एका शहराने पडत नाही.

आता वाचकांनी सांगावे, सरहद्दीच्या पलीकडच्या मराठी माणसाची बुद्धी अलीकडच्यापेक्षा कमी होती काय? त्यास शिक्षणाची आवड नव्हती काय? त्या वेळी ब्राह्मणाचा व देशमुखाचा मुलगाही परभाषेतल्या पुस्तकापुढे अडखळत होता, आणि त्यास कोणी मंदबुद्धीचा म्हटले नाही. सर्वांनी म्हटले की राज्यव्यवस्था वाईट आहे. मग आज तांड्यावरचे सहा वर्षांचे मूल, ज्याच्या घरी गोरबोली बोलली जाते, ते पहिलीत प्रमाण मराठीच्या पुस्तकापुढे अडखळले, तर तेच उत्तर आम्हांस का सुचत नाही? पारध्याचे मूल घरी निराळीच बोली बोलते. शिक्षकाचे पहिले वाक्य त्यास कळत नाही व त्याचे पहिले उत्तर शिक्षकास कळत नाही. आणि पटावर मात्र त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ एवढेच उमटते. आपल्यावर आले तेव्हा आम्ही व्यवस्थेस दोष दिला आणि दुसऱ्यावर आले तेव्हा त्याच्या जातीस. हा न्याय नव्हे.

दुसरे उत्तर असे देतात की, बुद्धी असेल, पण चालीरीतीच तशा; घरातच शिक्षणाचे वळण नाही. ह्या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. ज्या घरात पुस्तक असते, वडील संध्याकाळी वर्तमानपत्र वाचतात व आई गृहपाठ पाहते, त्या घरातील मूल शाळेत येण्यापूर्वीच शाळेची भाषा शिकलेले असते. फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू ह्यांनी ह्यास सांस्कृतिक भांडवल असे नाव दिले. सावकाराच्या मुलास पैसा वारशाने मिळतो तसेच हे भांडवलही मिळते, आणि शाळा मात्र ते मुलाच्या अंगचे गुण म्हणून मोजते. परंतु हे वळण एखाद्या जातीच्या रक्तात नसते. ते कोठून तरी येते, व यावयास काही पिढ्या लागतात.

महार आणि मातंग ह्या दोन समाजांकडे पाहा. दोघेही गावकुसाबाहेर राहिले, दोघांनीही अस्पृश्यता सारखीच सोसली. तरी खानेसुमारीत मातंगांचे साक्षरतेचे प्रमाण महारांच्या मागे दिसते. का? महारांस गावाबाहेर पडण्याच्या वाटा लवकर सापडल्या. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या सैन्यात त्यांची भरती होत असे, आणि सैन्यात शिक्षणाची सोय होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यातील शाळेत शिक्षक होते, हे विसरून चालणार नाही. पुढे रेल्वे आली, गिरण्या आल्या. आणि मग आंबेडकरांची चळवळ आली. तिने वसतिगृहे काढली, 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि 1950 साली औरंगाबादेस महाविद्यालय उघडले, जेथे मराठवाड्यातील खेड्यांतली मुले येऊन राहू लागली. मातंगांचा धंदा दोर वळण्याचा, केरसुण्या बांधण्याचा, वाजंत्रीचा. तो त्यांस गावाशीच बांधून ठेवी. बुद्धीचे म्हणाल, तर ज्यांस शाळेचे शिक्षण जवळजवळ लाभलेच नाही ते अण्णाभाऊ साठे ह्याच समाजातले. आणि त्याहून कितीतरी आधी, 1855 साली, जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे नावाच्या मातंग मुलीने महारमांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. तीन वर्षांची शाळा मिळाली तर एवढे घडले; पुढच्या शंभर वर्षांत तिच्या किती बहिणींस ती तीन वर्षे मिळाली, हाच खरा प्रश्न आहे.

असाच अनुभव दूरदेशीचाही आहे. जपानात बुराकुमिन म्हणून एक हीन मानलेला समाज आहे. तेथील शाळांत त्यांची मुले इतर जपानी मुलांच्या मागे राहत. पण जॉन ओग्बू ह्या अभ्यासकाने दाखविले आहे की, ह्याच समाजातील जी कुटुंबे अमेरिकेत जाऊन राहिली, त्यांच्या मुलांत व इतर जपानी मुलांत तसा फरक राहिला नाही. मुले तीच, पण ज्या देशात त्यांस हीन म्हणणारे कोणी नव्हते तेथे ती मागे पडली नाहीत.

हीन म्हणण्याचा परिणाम किती सूक्ष्म असतो ह्याचा एक प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे ह्यांनी उत्तर प्रदेशातील एका खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांस भुलभुलैयाची कोडी सोडवावयास दिली. जात उच्चारली नाही तेव्हा वरच्या व खालच्या म्हटलेल्या जातींची मुले जवळजवळ सारखीच ठरली. मग मुलांची नावे व जाती सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून तीच परीक्षा घेतली, तेव्हा खालच्या म्हटलेल्या मुलांचे काम स्पष्टपणे घसरले. कोडी तीच, मुले तशीच. मध्ये फक्त एक शब्द उच्चारला गेला. आमच्या शाळांत तो शब्द उघडपणे न उच्चारताही कितीदा उच्चारला जातो! मागे बसविण्यात, वर्ग झाडण्यास एकाच वस्तीच्या मुलीस बोलावण्यात, “तुझ्याच्याने काय होणार?” ह्या हसण्यात तो असतो.

आणखी एक कारण भीतीचे आहे. 1871 च्या कायद्याने पुष्कळ भटक्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. असे कायदे 1952 मध्ये रद्द झाले. त्यांच्या अमलात सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहतींत ह्या लोकांस कोंडून ठेवीत. ज्यांच्या घरी सरकारी मनुष्य म्हणजे शिपाई, एवढाच अनुभव तीन पिढ्या होता, त्यांस शाळामास्तरही प्रथम तसाच वाटला तर नवल काय? शिवाय अशा कुटुंबास जातीचा दाखला काढावयाचा तर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आणि ज्यांस कोणत्याही गावाने वसू दिले नाही, त्यांच्यापाशी वास्तव्याचा कागद कोठून असणार?

सर्वांत साधे कारण शेवटी सांगतो, कारण तेच हजेरीपटावर रोज दिसते. ते कारण पोट हे आहे. बालाघाटाच्या कोरड्या पट्ट्यातील हजारो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडावयास साखर कारखान्यांकडे जातात. मुकादम आधीच उचल देतो व नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. म्हणजे बाई घरी राहिली तर कोयता अर्धाच होतो. मग धाकटे मूल बरोबर जाते, आणि त्यास सांभाळावयास आठ-दहा वर्षांची मोठी बहीणही. पहाटे आईबाप फडात, आणि ती मुलगी कोपीपाशी. चैत्रात ती परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. अशी दोन-तीन वर्षे गेली म्हणजे ती आपण होऊन शाळा सोडते व आम्ही म्हणतो, हिला आवडच नव्हती. ही गोष्ट एका जातीची नाही. लमाण, वंजारी, मातंग, बौद्ध व मराठे हे सर्व ह्या फडांत दिसतात. ज्यास आम्ही जातीचा दोष म्हणतो त्यातला पुष्कळसा भाग पाण्याच्या अभावाचा असतो. पाणी मिळालेली जमीन कोणाच्या वाट्यास आली, हा मात्र पुन्हा जातीचाच इतिहास आहे.

येथे एक आक्षेप येतो व तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, “परिस्थिती एवढी प्रबळ असेल, तर त्याच पालातून व त्याच तांड्यातून एखादा मुलगा वर कसा येतो?” तो येतो, हे खरे. पण अशा मुलाने असामान्य धैर्य दाखविलेले असते. वाण्याच्या मुलास दहावी होण्यास असामान्य असावे लागत नाही. सामान्य असून भागते. ज्या समाजात एका मुलास सामान्य राहून शिकता येते व दुसऱ्यास शिकण्यासाठी वीर व्हावे लागते, तो समाज न्यायी नाही. वीरांची उदाहरणे दाखवून सामान्यांस दोष देणे ही तर त्या वीरांचीही विटंबना होय.

पण उलट बाजूचा धोकाही आम्हांस सांगितला पाहिजे. पूर्वी लोक म्हणत, त्याचे प्राक्तनच तसे. आता शिकलेले लोक म्हणतात, त्याची परिस्थितीच तशी. शब्द बदलला, पण हात तसेच बांधलेले राहिले. 1966 साली जेम्स कोलमन ह्यांनी अमेरिकेतील सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून दाखविले की, शाळेच्या इमारतीपेक्षा व साहित्यापेक्षा घरच्या स्थितीचा परिणाम अधिक असतो. पुष्कळांनी त्याचा अर्थ असा घेतला की, मग शाळेने काही केले तरी व्यर्थ. परंतु त्याच पाहणीत असेही आढळले होते की, ज्या मुलांच्या घरी आधार कमी, त्यांच्यावर चांगल्या-वाईट शाळेचा परिणाम अधिक होतो. म्हणजे ज्या मुलाविषयी आम्ही लवकर हात टेकतो, त्याच मुलास आमच्या हाताची गरज सर्वांहून जास्त असते. कारण शोधणे हे कोणता भार कोणी उचलावयाचा हे कळावे म्हणून असते. भार खाली ठेवावयास सबब मिळावी म्हणून नव्हे.

मग दोष कोणाचा? आमच्या मते सहा वर्षांच्या मुलाचा नाही, एवढे निश्चित. आईबापांचा थोडा असेल. पण ज्यांनी उचल घेतली ती चैनीसाठी नव्हे. उरलेला दोष वाटून घ्यावयाचा आहे, आणि त्यात आमचाही वाटा आहे. 2011 च्या खानेसुमारीत ह्या जिल्ह्याची साक्षरता शंभरात सुमारे 78 भरली. राज्याची 82 च्या वर होती. 1951 पासून पाहता ही प्रगती थोडकी नव्हे, व ती शाळा, वसतिगृहे आणि चळवळी ह्यांनी घडविली आहे. म्हणूनच राहिलेलेही घडविता येईल, असे म्हणावयास आधार आहे.

आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस आमची विनंती लहानशीच आहे. येत्या दसऱ्यापूर्वी आपल्या गावातून कोणती मुले तोडीला जाणार हे नावनिशीवार लिहून काढावे. त्यांच्यासाठी सरकारी हंगामी वसतिगृहाची सोय असते, ती आपल्या शाळेत मागितली आहे की नाही हे मुख्याध्यापकांस विचारावे. जी मुले आजीपाशी मागे राहतील त्यांस संध्याकाळी दिव्याखाली बसावयास जागा द्यावी. ज्यांस कागदपत्रे करता येतात त्यांनी पालावरच्या एका तरी कुटुंबाच्या दाखल्यासाठी तहसीलात खेप घालावी. आणि “त्यांना आवडच नाही” हे वाक्य पुन्हा तोंडाशी आले, तर ते गिळून त्या घरी जावे व मुलीचे नाव विचारावे. चैत्रात ती परत येईल तेव्हा त्या नावाने तिला हाक मारणारे कोणी तरी शाळेच्या दारात असले पाहिजे.