अंगणातील चार हात भूमी

पहाटे परडी घेऊन निघालेला एखादा भाविक शेजाऱ्याच्या कुंपणाबाहेर झुकलेली जास्वंद खुडतो व ती देवाला वाहतो, हे दृश्य आपल्या बीदर-कलबुर्गी भागात नवीन नाही. कोणी हटकलेच, तर उत्तर सिद्ध असते : “फूल देवाचेच, ते देवाला वाहिले, तर चोरी कसली?” प्रश्न लहान दिसतो, परंतु तो विचार करण्याजोगा आहे.

फूल देवाचे, हे खरे. तथापि वैशाखाच्या उन्हात त्या झाडाला घागरभर पाणी कोणी घातले ? आळे कोणी केले ? कीड कोणी वेचली ? ते श्रम शेजाऱ्याचे होत. न विचारता फूल खुडणारा मनुष्य दुसऱ्याचे श्रम आपल्या नावाने अर्पण करीत असतो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ व पाणी एवढ्यावर संतोष मानला आहे. परंतु तेथेच अर्पण करणाराचे अंतःकरण शुद्ध असावे, अशीही अपेक्षा आहे. वस्तू अल्प असली तरी चालते. तिच्यात अर्पण करणाराचे स्वतःचे काही असावे लागते.

यावर कोणी म्हणेल, “आम्हांस जागा कोठे आहे ?” त्याने गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमावरील कथा आठवावी. कुष्ठाने पीडलेल्या नरहरीला श्रीनृसिंहसरस्वतींनी औदुंबराचे वाळलेले लाकूड रोवून त्यास पाणी घालावयास सांगितले, असे गुरुचरित्रात आहे. लोक हसले; नरहरीने पाणी घालणे सोडले नाही; अखेर त्या काष्ठास पालवी फुटली. चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडला, तरी एवढे उरतेच की, त्याच्यापाशी बाग नव्हती, एक कोरडे लाकूड होते. आणि तेवढ्यावर त्याची निष्ठा उभी राहिली.

किंबहुना अल्प भूमी हीच विवेकाची खरी शाळा होय. विस्तीर्ण बागेत मनुष्याच्या लहरी खपून जातात. ६ हात लांब व ४ हात रुंद अंगणात मात्र प्रत्येक रोप दुसऱ्या एखाद्या रोपाची जागा घेते. म्हणून काय हवे, याआधी काय नको, हे ठरवावे लागते. मध्ये तुळस, कोपऱ्यात एक जास्वंद, कुंपणावर गोकर्णाचा वेल, मांडवावर दोडका, भांडी विसळलेल्या पाण्यावर अळू आणि उरल्या वाफ्यात महिनाभरात हाती येणारी मेथी : एवढ्यात देवघर व स्वयंपाकघर या दोहोंचीही सेवा घडते. बीदरची जांभ्या दगडावरील तांबडी माती पाणी लवकर सोडते. तिला शेणखत व पालापाचोळा भरपूर द्यावा. कलबुर्गीकडील काळी माती पाणी धरते, परंतु उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाचोळ्याचे आच्छादन घालावे. निर्माल्य विहिरीत वा ओढ्यात न टाकता खड्ड्यात पुरावे. देवाला वाहिलेले फूल खत होऊन पुन्हा फुलाच्याच उपयोगी पडते.

१३ व्या शतकात अरणच्या सावतोबांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. मळ्याचे काम हीच त्यांची पूजा होती. त्यांचा मळा आपल्याजवळ नाही. परंतु ती दृष्टी चार हात भूमीतही साधता येते.

आता एकच प्रश्न उरतो. उद्या आपली जास्वंद बहरून रस्त्यावर झुकेल आणि पहाटे कोणाचा तरी हात तिच्याकडे जाईल. तेव्हा काय करावे ? रागावू नये. जास्वंद फांदीपासून लागते. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी एक फांदी कापून त्याच्या हाती द्यावी व ती कशी लावावी, हे सांगावे. फूल दिले, तर एका दिवसाची पूजा होते. फांदी दिली, तर पुढल्या पूजेला त्याचे स्वतःचे श्रम लागतात. आपल्या लहान अंगणातून दुसऱ्याला याहून मोठे दान ते कोणते देता येईल ?