अनुच्चाराची नीती : एका कँटोनीज वाक्प्रचाराच्या निमित्ताने

'माणसाचे चित्र काढताना त्याची आतडी काढण्याची गरज नसते' असा शब्दशः अर्थ असलेला एक वाक्प्रचार हाँगकाँग, मकाव, ग्वांगजौ या परिसरातील कँटोनीज बोलण्यात रूढ आहे. 'सगळेच फोड करून सांगायला नको' हा त्याचा कोशगत अर्थ चुकीचा नाही. परंतु तो कोणी, कोणापुढे व केव्हा उच्चारावा, हे त्यावरून शिकणाऱ्याला उमगत नाही. अर्थ पुष्कळदा उपयोगातच असतो, या विट्गेन्स्टाईनच्या प्रतिपादनाची येथे प्रचीती येते.

मराठी अभ्यासकाला 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण साहजिकच आठवेल. दोहोंतील भेद मात्र मूलगामी आहे. मुठीत काय आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते आणि तिचे मोल या अज्ञानावरच उभे असते. आतडी मात्र प्रत्येक देहात असतात, हे चित्र पाहणारा जाणतोच. म्हणजे येथे लपवणूक नसून उभयतांना ज्ञात असलेल्या गोष्टीचा अनुच्चार आहे. म्हणूनच वाक्प्रचारातील नकार गळला आणि कोणी 'आतडीही काढली' असे म्हटले गेले, की तो अतिस्पष्टतेवरचा ठपका ठरतो.

व्यंग्यार्थ केवळ व्याकरण व कोश यांच्या ज्ञानाने कळत नाही, तो काव्यार्थाचे मर्म जाणणाऱ्यालाच कळतो, असे आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त म्हटले आहे. पण काव्यातील सहृदय आणि संभाषणातील श्रोता यांची स्थिती एक नव्हे. व्यंग्य निसटले तर रसिकाचा आस्वाद उणावतो. संभाषणात मात्र श्रोत्याचा हक्कही बुडू शकतो. समानांमध्ये हा वाक्प्रचार विश्वासाची खूण असतो. तोच वरिष्ठाने कारण विचारणाऱ्या कनिष्ठाला ऐकवला, तर 'हे तुला कळायलाच हवे' असा दबाव त्यातून निर्माण होतो आणि विचारणाराच अडाणी ठरतो. ज्ञान सामायिक आहे हे वाक्प्रचाराचे गृहीतक. ते खोटे असेल तर सौजन्याचे रूप धारण केलेली ती टाळाटाळ होय.

भाषा शिकणारा परका या गृहीतकाबाहेर उभा असतो. 'म्हणजे काय?' असे त्याने विचारताच भाषकाला आतडी काढून दाखवावीच लागतात. वाक्प्रचाराचा अर्थ त्याचा उपदेश मोडल्याखेरीज सांगताच येत नाही. या अडचणीतच एक नैतिक निकष दडलेला आहे : प्रश्न आल्यावर जो विनासंकोच उलगडून सांगता येतो, तोच अनुच्चार प्रामाणिक. वाक्प्रचाराचा उपयोग शिकणे म्हणजे तो कोठे उच्चारू नये, हेही शिकणे होय.