लहरीच्या मापानं

काटेकोरपणा हा आपल्याकडे स्वभावाचा गुण समजला जातो. माणूस एकतर काटेकोर, नाहीतर गबाळा. घरच्या घरी अँटेना करण्याच्या नादाला लागल्यापासून मात्र मला तो हिशेबाचा विषय वाटू लागला आहे. किती काटेकोर व्हायचं, हे इथं समोरची लहर ठरवते.

आम्ही पुणे आकाशवाणी ऐकत वाढलो ती ७९२ किलोहर्ट्झवर. प्रकाशाच्या वेगाला या आकड्यानं भागलं की लहरीची लांबी निघते, सुमारे ३७९ मीटर. तिच्या चौथ्या हिश्शाची तार उभी करायची तर ९५ मीटर उंची हवी. ती कुठल्या वाड्यात मिळणार? म्हणून क्रिस्टल सेट करणारी मुलं गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमेल तेवढी तार ताणत, अर्थिंगला नळाचा लोखंडी पाइप पकडत आणि राहिलेली तूट कॉइल आणि गँग कंडेन्सरवर सोपवत. तार मीटरभर इकडंतिकडं झाली तरी बिघडत नसे. या सेटला बॅटरी नसते. कानात येणारा आवाज स्टेशनानं हवेत सोडलेल्या शक्तीवरच चालतो, त्यामुळं जपायचं असतं ते त्या इवल्याशा शक्तीला. ढिलाई खपत नसे ती डाख देताना. ओए-७९ सारखा जर्मेनियमचा डायोड उष्णतेला नाजूक. त्याचा पाय पकडीत धरून, उष्णता पकडीत उतरवत, झटपट डाख द्यावा लागे. एकाच सेटमध्ये एका ठिकाणी मीटरची मुभा आणि दुसऱ्या ठिकाणी दोन-तीन सेकंदांची शिस्त!

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आलं की मुभा कमी होते. डायपोलची लांबी काढायचा सोपा हिशेब असा : १४३ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. म्हणजे एकूण साधारण वीस मीटर, दोन्ही बाजूंना दहा-दहा. तार आधी थोडी लांबच कापायची आणि मापकाचा काटा बघत छाटत आणायची, कारण जमिनीपासूनची उंची, शेजारचं झाड, ओली भिंत यांचाही तिच्यावर परिणाम होतो. बोटभर फरक त्या काट्याला जाणवतसुद्धा नाही. हातभर फरक लगेच दिसतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘बिटएक्स’ हा घरी बांधता येणारा ट्रान्सीव्हर रचला, तेव्हा त्यातल्या काही कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळायला सांगितल्या होत्या. खास गाभा मिळत नाही म्हणून कुणाचं काम अडू नये, अशी ती रचना. कुठं साधी वस्तू चालेल हे ओळखायला रेडिओ आतून कळलेला असावा लागतो.

हवामानाचे उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास चित्रं पाठवत, तेव्हा सुमारे ५३ सेंटिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या १२० अंशांच्या कोनात आडव्या धरल्या की काम भागे. इथं मापाला सेंटिमीटर लागतो. पण खरी घाई वेळेची, कारण उपग्रह उगवून मावळेपर्यंत जेमतेम पाव तास मिळतो. सेकंदाला दोन ओळी अशा गतीनं अरबी समुद्रावरचे ढग पडद्यावर उतरताना मी गच्चीत पाहिले आहेत. १९९८ साली सोडलेला नोआ-१५ हा त्यांतला जुना उपग्रह २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंद करण्यात आला.

याच हिशेबाचं मोठं रूप पाहायचं तर नारायणगावजवळ खोडदला जावं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत, आणि तरी त्यांच्या आरपार आकाश दिसतं. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी तारांच्या दोरखंडांवर बारीक तारेची जाळी ताणली. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी लहर २१ सेंटिमीटरची. तिच्या लेखी ही जाळी म्हणजे अखंड पत्राच. वारा मात्र भोकांतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात राहिला.

लहर आखूड झाली की हातानं करायचं काही उरत नाही, असं कुणी म्हणेल. वाय-फायची एक लहर सहा सेंटिमीटरची, तिथं मिलिमीटरही मोजावा लागतो. पण जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्यात मुद्दाम काही मिलिमीटरच्या लहरी निवडल्या. लहर लहान, म्हणून सगळी उपकरणं टेबलावर मावली. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानापानांमध्ये कथलाचा पातळ पत्रा घालून त्यांनी ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारी लहर पुढं जाऊ देणारी चाळणी, तयार केला, आणि पिळलेल्या तागावरही प्रयोग केले.

नव्यानं शिकणारी मुलं मध्यमलहरीची तार मिलिमीटरमध्ये मोजत बसतात आणि सोल्डरिंग आयर्न डायोडवर निवांत टेकवून ठेवतात. त्यांना दोष देता येत नाही. परीक्षेत प्रत्येक मापाला सारखेच गुण मिळतात, आणि सगळीकडं सारखीच काळजी घेणं हा चांगुलपणाही वाटतो. पण काळजी अशी सरसकट वाटली की जिथं हवी तिथं ती अपुरी पडते. अँटेनाच्या नादानं मला एक सवय लागली : काम हातात घेतलं की आधी विचारायचं, यातली कोणती चूक पुढच्याला जाणवेल आणि कोणती जाणवणार नाही. उत्तर मिळायला कधी गणित लागतं, कधी नुसतं ऐकून घ्यावं लागतं. ते मिळाल्यावर सोडून द्यायच्या गोष्टी निर्धास्तपणे सोडता येतात आणि उरलेल्यांसाठी पुरेसा वेळ मिळतो.