गणतीत होते, यादीत नव्हते

3 नोव्हेंबर 1936 रोजी अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात अध्यक्षपदासाठी 1,15,437 मतं पडली. त्यांतली 1,13,791 फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मिळाली आणि प्रतिस्पर्धी आल्फ्रेड लँडन यांच्या पदरात 1,646 पडली. म्हणजे रूझवेल्ट यांना 98.57 टक्के. त्या वर्षी त्यांचा विजय देशभरच दणदणीत होता. मेन आणि व्हरमाँट सोडता सगळी राज्यं त्यांच्या मागे उभी राहिली. तरीही देशभरातली त्यांची मतं साठ-एकसष्ट टक्क्यांच्या घरातच होती. अठ्ठ्याण्णवाचा आकडा साउथ कॅरोलायनातच कुठून आला?

लाट हे त्याचं सोपं उत्तर. ते अगदी खोटंही नाही. 1919 साली पौंडाला पस्तीस सेंट मिळवून देणारा कापूस 1932 पर्यंत सहा-सात सेंटांवर आला होता. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला होता, गिरणी कामगार उपासमारीच्या काठावर होता. रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’नं कापसाला भाव दिला, बेकारांना रस्ते-पुलांवर काम दिलं, बुडत्या बँका सावरल्या. त्या राज्यातल्या गोऱ्या शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मनात या माणसाबद्दल खरीखुरी कृतज्ञता होती आणि मला ती कमी लेखायची नाही.

पण टक्केवारी वाचताना छेद आधी पाहावा. साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या तेव्हा अठरा लाखांच्या आसपास होती. मतं पडली सव्वा लाखाहून कमी. शंभर माणसांमागे जेमतेम सहा. राज्यात जवळजवळ निम्मे लोक कृष्णवर्णीय होते आणि त्या सहांत त्यांच्यातला क्वचितच कुणी होता. ही मंडळी उदासीन म्हणून घरी बसलेली नव्हती. त्यांना घरी बसवण्याचं काम चोपन्न वर्षं आधीपासून, कायदा हातात धरून, चिकाटीनं चाललेलं होतं.

यादवी युद्धानंतरच्या काळात या राज्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, मत देत होते, विधिमंडळात आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये निवडून जात होते. 1877 मध्ये केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि गोऱ्या जमीनदारांचा डेमोक्रॅटिक पक्ष राज्याचा धनी झाला. 1882 साली त्यांनी आठ पेट्यांचा कायदा केला. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी, आणि चुकीच्या पेटीत पडलेलं मत बाद. गुलामीत ज्यांना अक्षर शिकू दिलं नाही, त्यांनी पेटीवरचं नाव वाचावं अशी ही अट. ज्यानं क्रम पाठ केला त्याच्यासाठी पेट्यांची जागा बदलता येत होती.

तेवढ्यानंही समाधान झालं नाही. 1895 मध्ये सिनेटर बेंजामिन टिलमन यांच्या पुढाकारानं नवं राज्यघटना संमेलन भरलं. एकशे साठ प्रतिनिधींत सहा कृष्णवर्णीय होते. त्यांतले एक रॉबर्ट स्मॉल्स. 1862 मध्ये, गुलाम असताना, चार्ल्स्टनच्या बंदरातून ‘प्लँटर’ नावाचं दक्षिणेच्या सैन्याचं जहाज आपल्या कुटुंबासह पळवून नेऊन त्यांनी ते उत्तरेच्या नौदलाच्या हवाली केलं होतं. पुढे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले. त्या सभागृहात बसून त्यांनी आपल्याच लोकांचा मताधिकार कलमाकलमानं काढून घेतला जाताना पाहिला. मतासाठी घटनेतला उतारा वाचता-लिहिता यावा, किंवा तीनशे डॉलरची करपात्र मालमत्ता असावी. मतदानाच्या सहा महिने आधी डोईपट्टी भरलेली असावी. निरक्षर गोऱ्यांसाठी दोनेक वर्षं एक खिडकी उघडी ठेवली: अधिकाऱ्यानं वाचून दाखवलेलं कलम ‘समजलं’ तरी नोंदणी होईल. समजलं की नाही हे ठरवणार अधिकारीच. शिवाय काही गुन्ह्यांसाठी मताधिकार काढून घेण्याची यादी केली. तीत घरफोडी होती, बायकोला मारहाण होती, चोरीचा माल बाळगणं होतं. खून मात्र नव्हता. कोणते गुन्हे कुणाचे मानायचे याचा हिशेब मनात धरून ती यादी केलेली होती. या दस्तऐवजावर सही करायला स्मॉल्स यांनी नकार दिला.

यात कृष्णवर्णीय हा शब्द मतदानाच्या अटींत कुठेही नाही, आणि मला यातलं सर्वांत गंभीर तेच वाटतं. अमेरिकेच्या घटनेच्या पंधराव्या दुरुस्तीनं वंशावरून मत नाकारायला बंदी होती, म्हणून वंशाचं नाव न घेता, साक्षरता, कर, चारित्र्य असे कुणालाही रास्त वाटतील असे शब्द वापरले गेले.

आता त्या 1,646 जणांकडे येऊ. साउथ कॅरोलायनात सार्वत्रिक निवडणुकीत गुप्त मतपत्रिका 1950 पर्यंत नव्हती. देशातल्या राज्यांत हे राज्य शेवटचं. सरकारी मतपत्रिका नाही, प्रत्येक पक्षानं आपापली चिठ्ठी छापायची. मतदारानं आपल्या पक्षाची चिठ्ठी घ्यायची आणि गावाच्या देखत पेटीत टाकायची. त्या पेटीपाशी उभे असलेले सगळे अधिकारी एकाच पक्षाचे. मतदार कोणती चिठ्ठी उचलतो ते दुकानदाराला दिसतं, जमिनीच्या मालकाला दिसतं, गिरणीच्या मुकादमाला दिसतं. रिपब्लिकन पक्ष तिथे इतका खिळखिळा झालेला होता की 1936 मध्ये त्याच्या दोन भांडखोर गटांनी लँडन यांच्यासाठी दोन वेगळ्या चिठ्ठ्या उभ्या केल्या. अशा स्थितीत ज्या 1,646 माणसांनी ती चिठ्ठी हातात धरली, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. लँडन यांचं धोरण मला पटतं म्हणून नव्हे. त्यांच्या हातात काय आहे हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून.

आणि तरीसुद्धा नोव्हेंबरची ती निवडणूक खरी निवडणूक नव्हतीच. तिकीट मिळालं की निवडून आल्यातच जमा, असं आपल्याकडे एखाद्या बालेकिल्ल्याबद्दल म्हणतात. तिथे ते अख्ख्या राज्याला लागू होतं. खरी लढत उन्हाळ्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत व्हायची. 1938 मध्ये सिनेटच्या प्रायमरीत सुमारे 3 लाख 37 हजार मतं पडली. त्याच जागेसाठी नोव्हेंबरमध्ये पन्नास हजारसुद्धा पडली नाहीत. प्रायमरीला डोईपट्टीची अट नव्हती, त्यामुळे गरीब गोरा गिरणी कामगार तिथे मत देऊ शकायचा. कृष्णवर्णीयांना मात्र दार बंद. पक्ष ही खासगी संस्था आहे, आम्ही कुणाला सभासद करायचं हा आमचा प्रश्न, असा युक्तिवाद होता.

त्या गोऱ्या गरिबाला तरी या व्यवस्थेनं काय दिलं? 6 सप्टेंबर 1934 रोजी हनिया पाथ या गिरणीच्या गावात संपावरच्या कामगारांवर गोळीबार झाला आणि सात जण मेले. एकाच पक्षात सगळे, म्हणून कुठल्याच गटाला पुढच्या निवडणुकीत जाब द्यावा लागत नाही. उमेदवार आपल्या जिल्ह्याच्या ओळखीवर आणि वंशाच्या भीतीवर निवडून येतात, आश्वासनं कुणाच्या नावावर टिकत नाहीत. व्ही. ओ. की या राज्यशास्त्रज्ञानं 1949 च्या आपल्या ग्रंथात दक्षिणेच्या एकपक्षीय राजकारणाबद्दल हेच दाखवून दिलं: विरोधी पक्ष नसला की सर्वांत आधी तोटा होतो तो ज्यांच्याकडे काही नाही त्यांचा. गोऱ्या कामगाराला कृष्णवर्णीयाहून वरची पायरी मिळाली, आणि तेवढ्यावर त्याची बोळवण झाली.

या अन्यायाचा फायदा राज्याच्या हद्दीत राहिला नाही, हे आकड्यांतून दिसतं. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात साउथ कॅरोलायनाची आठ मतं होती, आणि उत्तरेतल्या कनेटिकटचीही आठच. दोन्ही राज्यांची लोकसंख्या एकमेकींच्या जवळपास. पण 1936 मध्ये कनेटिकटमध्ये सुमारे 6 लाख 90 हजार लोकांनी मतदान केलं, साउथ कॅरोलायनात 1 लाख 15 हजारांनी. म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या एका मतदाराच्या हाती कनेटिकटमधल्या सहा जणांचं वजन. काँग्रेसमधल्या जागा आणि त्यांबरोबर ही मतं ठरतात शिरगणतीवरून. गणतीत कृष्णवर्णीय माणूस पूर्ण एक धरला जाई. यादीत तो शून्य होता. गुलामीच्या काळात मालकाचं बळ वाढवण्यासाठी त्याला तीन-पंचमांश धरत असत. स्वातंत्र्यानंतर तो पूर्ण मोजला जाऊ लागला, आणि त्याच्या तोंडावर हात ठेवणाऱ्याचंच बळ त्यानं आणखी वाढलं.

यावर घटनेत इलाजही होता. चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की जे राज्य आपल्या प्रौढ पुरुषांना मत नाकारेल, त्याच्या जागा त्या प्रमाणात कमी कराव्यात. ते कलम एकदाही वापरलं गेलं नाही.

या बळाचं काय केलं गेलं हे पाहायचं तर एलिसन स्मिथ यांच्याकडे पाहावं. कापसाच्या राजकारणामुळे लोक त्यांना ‘कॉटन एड’ म्हणत. 1909 पासून ते सिनेटमध्ये होते. एकपक्षीय राज्यातून आलेला माणूस हरत नाही, न हरणाऱ्याची ज्येष्ठता वाढते, आणि ज्येष्ठतेवर समितीचं अध्यक्षपद मिळतं. 1933 पासून सिनेटच्या कृषी समितीचे अध्यक्ष स्मिथ होते, म्हणजे साऱ्या देशाच्या शेतीचे कायदे त्यांच्या हाताखालून जात. 1936 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा एक कृष्णवर्णीय पाद्री प्रार्थनेसाठी उभे राहिले आणि स्मिथ सभागृह सोडून बाहेर पडले. पाचच महिन्यांनी त्यांच्या राज्यानं त्याच पक्षाला 98.57 टक्के दिले. अशा लोकांच्या भरवशावर रूझवेल्ट यांचे कायदे पार होत असत. लिंचिंगविरोधी विधेयक दक्षिणेच्या सिनेटरांनी भाषणांवर भाषणं करून अडवलं, तेव्हा अध्यक्षांनी त्यासाठी आपलं वजन टाकलं नाही. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. त्यामागच्या कारणांवर अभ्यासकांत वाद आहे, परिणामाबद्दल नाही. दक्षिणेत शेतात आणि दुसऱ्यांच्या घरात राबणारे बहुतेक कोण होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रायमरीचा हा इतिहास वाचताना मला पुणे करार आठवतो, आणि ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. 24 सप्टेंबर 1932 च्या त्या करारात राखीव जागांसाठी प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती: आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्या चारांतून सर्वांनी एक. साउथ कॅरोलायनात वरचढांनी पहिली फेरी स्वतःपुरती राखली होती. इथे दुबळ्यांना पहिली फेरी मिळाली, पण शेवटचा शब्द वरचढांच्या संख्येकडे राहिला. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेरीत पुढे राहून अंतिम फेरीत पडले, तेव्हा ते स्पष्ट झालं. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची चौकशी केली होती. उमेदवार कोण ठरवतो, हा प्रश्न मत कोण देतो याइतकाच मोठा आहे, हे दोन्ही खंडांतल्या या लोकांना अनुभवानं कळलेलं होतं.

एप्रिल 1944 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टेक्ससच्या खटल्यात गोऱ्यांपुरती प्रायमरी घटनाबाह्य ठरवली. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर ऑलिन जॉन्स्टन यांनी काही दिवसांतच विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि प्रायमरीचा उल्लेख असलेले दीडशेच्या आसपास कायदे रद्द करून टाकले, म्हणजे निवडणूक पुन्हा ‘खासगी’ होईल. हे जॉन्स्टन लहानपणी गिरणीत राबलेले; 1938 मध्ये स्मिथ यांच्याविरुद्ध रूझवेल्ट यांनी ज्यांना बळ दिलं तेच हे. न्यू डीलचा हा सच्चा शिलेदार दारावर कुलूप लावायला स्वतः पुढे झाला. गरिबांचा कैवार घेणारा माणूस गरिबांतल्या निम्म्यांना असं वगळू शकतो, हे मला वारंवार तपासून पाहावंसं वाटतं.

कोलंबिया शहरातले एक छोटे दुकानदार जॉर्ज एल्मोर यांनी 1946 मध्ये प्रायमरीत मत मागितलं आणि ते नाकारलं गेल्यावर खटला भरला. वकील होते थर्गुड मार्शल. न्यायाधीश जे. वेटीस वेअरिंग चार्ल्स्टनच्या जुन्या घराण्यातले, दक्षिणेच्या बाजूनं लढलेल्या सैनिकाचे पुत्र. जुलै 1947 मध्ये त्यांनी निकाल एल्मोर यांच्या बाजूनं दिला. त्यानंतर एल्मोर यांच्या दुकानाला माल मिळेनासा झाला, कर्जं एकदम परत मागितली गेली, अंगणात क्रूस जाळला गेला. वेअरिंग यांच्या घरावर हल्ला झाला आणि 1952 मध्ये ते गाव सोडून न्यूयॉर्कला गेले.

ऑगस्ट 1948 च्या प्रायमरीत सुमारे पस्तीस हजार कृष्णवर्णीयांनी मत दिलं. त्याच वर्षी रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे, तेव्हा देशाचे अध्यक्ष असलेल्या ट्रूमन यांनी नागरी हक्कांची भाषा उघडपणे केली, आणि नोव्हेंबरमध्ये साउथ कॅरोलायनानं त्यांना 24 टक्के मतं दिली.