तोंडी लावणे

गेल्या दिवाळीत आमच्या पुण्याच्या भाच्याने चकलीवर टोमॅटोचा सॉस ओतला. नुकतीच तळून काढलेली खुसखुशीत चकली, आणि तिच्या काट्यांवरून तो लाल ओघळ! सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा घरात जी शांतता पसरते, तेवढी आमच्या आलापल्लीच्या सागवनातही नसते. मी पडलो मास्तर, बोललो.

"मामा, ताटात पडलं ते माझं," तो म्हणाला, आणि मग आपलीच एक फजिती त्याने सांगितली. पुण्याच्या एका जपानी खाणावळीत तो सुशी खायला गेला होता. शिरका, मीठ, साखर लावलेल्या भाताचा लहानसा मुटका आणि वर कच्च्या मासळीचा काप. याने सोयाच्या रसात वासाबीचा झणझणीत हिरवा गोळा कालवला, त्यात मुटका भाताकडून बुडवला आणि वर आल्याच्या चकत्या रचल्या. आचारी हळहळला. बुडवायची ती मासळीची बाजू, तीही निसटती. भात बुडवला तर तो विसविशीत होतो आणि खारटपणाखाली मासळी हरवते. वासाबी त्याने आत बेताने लावलेलीच होती. आले दोन घासांच्या मध्ये, जीभ स्वच्छ करायला.

"पैसे माझे आणि शहाणपण त्याचं!" भाचा म्हणाला. सगळे हसले. मला मात्र हसता येईना.

वीस वर्षांपूर्वी, नोकरी नवी असताना, भामरागडच्या वाटेवरील एका पाड्यावर माडिया विद्यार्थ्याच्या घरी मी जेवायला गेलो होतो. गरम भात, आणि पानाच्या द्रोणात लाल मुंग्यांची चटणी. या मुंग्या झाडाची पाने शिवून घरटे करतात. पोर पहाटे झाडावर चढून ते उतरवून आले होते. हातावर चाव्यांचे लाल ठिपके दिसत होते. मी पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. मुलाच्या आईने निमूटपणे द्रोण उचलून आत नेला. पुढे वर्गात 'माझे आवडते जेवण' हा निबंध दिला, तेव्हा त्या मुलाने लिहिले, वरण-भात आणि लिंबाचे लोणचे. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले.

ते आठ गुण मला अजून बोचतात.

परंपरेचा आधार घ्यावा, तर तोही डळमळतो. त्या चटणीतली मिरची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या मागून ती आपल्याकडे आली. बिवा सरोवराकाठी मासळी भातात आंबवून ठेवीत, आणि भात बहुधा फेकून देत. आज तोच भात सुशीचा आत्मा झाला आहे. उद्या चकलीचा सॉसही कदाचित शास्त्रोक्त ठरेल! ओडिशातल्या मयूरभंजच्या मुंग्यांच्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाचून आनंद झाला, पण त्या माउलीचा द्रोण काही परत आला नाही.

माझे लोणचे वाईट नव्हते. व्रत असते, पथ्य असते, काही गोष्टी मनालाच चालत नाहीत. हात जोडून नको म्हणावे, यजमान समजून घेतो. मी नको म्हटले नाही. मी चाखण्याआधीच निकाल दिला. पेपर न वाचता गुण द्यावेत तसा. भाच्याने निदान चकलीचा एक तुकडा आधी मोडून खाल्ला होता, हे मला नंतर आठवले.

आपल्या पंक्तीत चटणी, कोशिंबीर, लोणचे पानाच्या डाव्या बाजूला वाढतात. भातावर कोणी वाढीत नाही. कालवायचे की नाही ते जेवणाऱ्याने ठरवायचे. माझी बाटली मी थेट उजवीकडे उघडली होती.

यंदा भाचा पुन्हा येतो आहे. काल सौभाग्यवतींनी बाजारातून सॉसची बाटली आणली. मी पाहतच राहिलो, तर म्हणाल्या, "डावीकडे वाढीन. चमचाभरच."